सुक्या कचऱ्याचं रविवार केंद्र: काय घ्यायचं आणि काय परत पाठवायचं?

शेवंती_कर्वेनगर
रविवार, दुपारी २:१०

आत्ताच केंद्रावरून आले, अंघोळ झाली, दुसरा चहा झाला तरी हाताला सॉसचा आंबूस वास येतोच आहे, त्याच तिरमिरीत धागा काढतेय, भाषा तिखट झाली तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की आमच्या भागातल्या चार सोसायट्यांनी मिळून दोन वर्षांपूर्वी सुक्या कचऱ्याचं केंद्र सुरू केलं. केंद्र म्हणजे काय, तर एका सोसायटीच्या मागचं कुणी वापरत नसलेलं स्कूटर पार्किंग, त्यात दोन ड्रमांवर आडवं टाकलेलं जुनं फ्लश डोअर (हेच आमचं टेबल, कडीसकट), एक ताणकाटा आणि तांदळाची रिकामी पोती, त्यांवर मार्करने नावं लिहिलेली. दुसरा आणि चौथा रविवार, नऊ ते बारा. यादीत अकरा स्वयंसेवक, येतात सहा, पावसात तीन. पगार कुणालाच नाही, रद्दी-भंगाराचे जे काही येतात त्यातून हातमोजे, मास्क आणि टेम्पोचं भाडं.

सुरुवातीला लोक पेपर, पुठ्ठे, बाटल्या आणायचे. आता काय वाट्टेल ते आणतात. आजचीच यादी सांगते. श्रीखंडाचा डबा, आत बोटभर श्रीखंड आणि त्यावर मुंग्यांची जत्रा. पिझ्झाचे तेलकट खोके. फुटका आरसा, वर्तमानपत्रात न गुंडाळता. माळ्यावरून काढलेलं थर्माकोलचं मखर, आख्खं. डावी चप्पल, फक्त डावी. आणि एक कापडी पिशवी भरून लग्नपत्रिका, त्यावर चिठ्ठी: "देवाचं आहे, नीट टाका." आता नीट टाका म्हणजे कुठे टाका हे मला कुणी सांगेल का?

सगळ्यात वैताग आला तो एका गृहस्थांचा. चांगले शिकलेले, गाडीतून आले, तीन काळ्या पिशव्या टेबलावर उपड्या केल्या आणि निघाले. मी म्हटलं काका, वेगळं करून आणायचं असतं. तर म्हणाले, "तुम्ही घेताच ना सगळं? मग घरी कशाला वेगळं करायचं?" मी गप्प. त्यांच्या पिशवीतल्या सॉसच्या बाटल्यांनीच खालची सगळी रद्दी भिजवली, साधारण आठ किलो, सगळी ओल्या कचऱ्याच्या गाडीत गेली.

तर प्रश्न दोन. एक, लोकांना न दुखावता नाही कसं म्हणायचं. दोन, ज्या वस्तूंचं आम्हालाच कळत नाही त्यांचं काय करायचं. ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी लिहा प्लीज.


टिंगलटवाळ
रविवार, दुपारी २:३१

वाचतोय. डाव्या चपलेला साष्टांग दंडवत. उजवी पुढच्या रविवारी येईल, धीर धरा.


चिमूटभर_मीठ
रविवार, दुपारी ३:०५

शेवंती, मी ठाण्यात असंच काम दोन वर्षं केलं, मग गुडघ्यांनी राजीनामा दिला. एक सांगते, "नाही" तोंडाने म्हणूच नकोस, टेबलालाच म्हणू दे. आम्ही टेबलावर दोन परड्या ठेवल्या होत्या, एकीवर "घेतो" एकीवर "घेऊन जा". माणसाने स्वतःच्या हाताने आपली वस्तू त्यात टाकायची, आम्ही हात लावायचा नाही, फक्त शेजारी उभं राहायचं. स्वतःच्या हाताने चिकट डबा उचलावा लागला की पुढच्या वेळी आपोआप धुवून येतो. लोक दुष्ट नसतात ग, त्यांनी तो डबा उघडल्यावर काय दिसतं ते कधी बघितलेलंच नसतं.

आणि चकाकत्या कागदांची सोपी परीक्षा: मुठीत घट्ट चुरगाळायचा आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर ती खरी ॲल्युमिनियमची फॉइल, धातूत जाते. फुलासारखा परत उमलला तर ते वरून चांदीचा मुलामा दिलेलं प्लास्टिक, म्हणजे चिप्सचं, बिस्किटांचं पाकीट, ते एमएलपी (मल्टिलेयर्ड प्लास्टिक, अनेक थर चिकटवलेलं). लहान मुलांना हे फार आवडतं, आमच्याकडे दोन पोरं दर रविवारी फक्त तेवढ्यासाठी यायची. डब्यांसाठी फ्रीजवरचं लोहचुंबक पुरतं, चिकटला तर पत्रा, नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, आणि ॲल्युमिनियम कधी सोडू नका, नव्याने खनिजापासून करण्यापेक्षा जुनं वितळवायला साधारण ९५ टक्के ऊर्जा कमी लागते.


भोसरीचा_मोल्डर
रविवार, संध्याकाळी ५:४८

मी बावीस वर्षं प्लास्टिक मोल्डिंगच्या धंद्यात आहे. तुमच्या टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस समजा, तुमच्याकडून निघालेली बाटली चार हात फिरून, दळून, धुवून, दाणा होऊन आमच्याकडं येते. म्हणून थोडं लांबण लावतो.

बुडाला त्रिकोणात आकडा असतो १ ते ७. १ पेट, म्हणजे पाण्याची बाटली. २ एचडीपीई, शाम्पू, फिनेल, तेलाचे कॅन. ३ पीव्हीसी. ४ एलडीपीई, दुधाची पिशवी त्यातलीच. ५ पीपी, हॉटेलच्या पार्सलचे डबे, बाटलीची बुचं. ६ पीएस, थर्माकोल पण त्याच घरातलं. ७ म्हणजे वरच्यात न बसणारं सगळं, सीडी वगैरे. लोकांचा गैरसमज असा की त्रिकोण आहे म्हणजे रिसायकल होणारच. तसं नाही हो, आकडा फक्त जात सांगतो, पुढचं लग्न जमेल का ते नाही सांगत.

आकडा नसेल तर बादलीत पाणी घ्या. बाटलीचा तुकडा आणि बुचाचा तुकडा टाका. बूच तरंगेल, बाटली बुडेल. पीपी आणि पॉलिथिन पाण्याहून हलकं, पेट आणि पीव्हीसी जड. कारखान्यातल्या टाकीतही हेच होतं, त्यामुळे बूच बाटलीलाच राहिलं म्हणून काही बिघडत नाही, फक्त बाटली आधी चेपा, हवेने फुगलेल्या बाटल्यांचा टेम्पो म्हणजे तुम्ही भाडं भरून हवा पाठवताय.

आता पीव्हीसी. हा आमचा शत्रू. पेट वितळवायला जी उष्णता लागते तिथे पीव्हीसी जळायला लागतं, आम्ल सुटतं, मशीन खातं आणि सगळा दाणा पिवळा पडतो. थोडंसं मिसळलं तरी लॉट गेला. गोळ्यांची पाकिटं असतात ना, वर फॉइल खाली पारदर्शक, ते खालचं बऱ्याचदा पीव्हीसीच असतं, ते पेटच्या पोत्यात चुकूनही नको. काही बाटल्यांना अंगभर घट्ट रंगीत आवरण असतं तेही आधी कापून काढा, ते कशाचं आहे ते तुम्हाला आम्हाला बघून कळत नाही.

काळं प्लास्टिक कुणाला नको असतं, कारण काळ्याचं फक्त काळंच होतं. पांढऱ्याला भाव, पारदर्शकाला त्याहून जास्त, हिरव्या बाटलीला कमी.

आणि शेवटचं, तुम्ही जात ओळखायला जेवढा वेळ घालवता त्यापेक्षा माल कोरडा ठेवायला घाला. जात आमच्याकडं परत बघतातच. पण गोडेतेलाची एक उघडी बाटली पोत्यात आडवी झाली की सगळं पोतं गेलं, ते धुवायला जेवढा साबण-पाणी लागेल तेवढी त्या मालाची किंमत नसते.


शेवंती_कर्वेनगर
रविवार, संध्याकाळी ६:२०

मोल्डरदादा, हा प्रतिसाद मी प्रिंट काढून (पाठकोऱ्या कागदावर!) पार्किंगमध्ये लावणार आहे. आम्ही दोन वर्षं प्रत्येक बूच काढत बसलो होतो हो, नखं तुटली.


दुष्काळी_पाहुणा
रविवार, रात्री ८:१५

सगळं ठीक आहे पण एक विचारतो. धुवा धुवा म्हणताय, पाणी कुठनं आणायचं? मी माण तालुक्यातला. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याने माणसं धुवायची पंचाईत, तिथं दुधाची पिशवी कोण धुणार. पुण्यात बसून बोलायला सोपं आहे.


चिमूटभर_मीठ
रविवार, रात्री ८:४०

@दुष्काळी_पाहुणा, मुद्दा बरोबर आहे. पण नळाखाली धरून धुवायचंच नाही. भांडी विसळल्यावर शेवटचं जे पाणी उरतं त्यात पिशवी बुडवून काढायची, बस. दुधाच्या पिशवीत तर अर्धा पेला पाणी घालून हलवलं की ते पाणी थेट कुंडीत. मग दोरीवर चिमटा लावून वाळत. आमच्या समोरच्या बाईंनी तक्रार केली होती की तुमची गॅलरी दूध डेअरीसारखी दिसते.

आणि पिशवीचा कोपरा कापून फेकू नका रे. छोटासा त्रिकोण असतो, तो ना काटा पकडत ना हात, सरळ गटारात जातो. चीर द्यायची, तुकडा पिशवीलाच लटकत ठेवायचा.


पिशवीवाला_नाना
रविवार, रात्री ९:०२

दुधाच्या पिशवीवरून आठवलं. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला सूट होती, पण अट अशी की ती ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि तिच्यावर परत घेण्याची किंमत छापायची, कमीत कमी पन्नास पैसे. मी साधा माणूस, खरं मानलं. पंचवीस पिशव्या धुवून वाळवून, रबर लावून दूधवाल्याकडे घेऊन गेलो, साडेबारा रुपये मागितले. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी उधारी मागायला आलोय. नंतर महिनाभर "नाना, पिशवीचे पैसे हवेत का" म्हणून चिडवायचा. आता मीच नाव लावून घेतलंय.


ब्रेमेनची_माई
सोमवार, पहाटे १:१२

नानांचं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं, कारण मी राहते तिथे तीच गोष्ट गेली वीसेक वर्षं चालू आहे. जर्मनीत एकदा वापरायच्या पेटच्या बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट, त्याला प्फांड म्हणतात. सुपरमार्केटच्या भिंतीत मशीन असतं, त्यात बाटली घालायची, पावती घ्यायची, बिलात वजा. बाटली चेपायची मात्र नाही, मशीन बारकोड वाचतं. (मोल्डरदादांच्या अगदी उलट!) नवरा पहिल्या महिन्यात पुण्याच्या सवयीने सगळ्या बाटल्या पायाखाली चेपायचा, आमचे बरेच युरो त्याने असेच तुडवले.

पण इथे सगळं गोड नाही. लोक बाटल्या कचरापेटीत न टाकता शेजारी उभ्या करून ठेवतात, कारण त्या गोळा करून पोट भरणारी माणसं इथेही आहेत, बरेचदा म्हातारी. त्यांना पेटीत हात घालायला लागू नये म्हणून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं काय ही अस्वच्छता, नंतर कळलं.


मांडवीकार
सोमवार, सकाळी ७:५५

पणजीहून देव बरें करूं. आमच्याकडे महापालिकेने काही कॉलन्यांत सोळा प्रकारांत वर्गीकरण करायला लावलंय, सोळा! आईने पहिल्या दिवशी विचारलं, "सोळा सोमवारांसारखं उद्यापन पण असतं का?" पण सांगू का, जमतं. कारण डबे सोळा घरात नसतात, खाली कॉलनीत असतात, घरी तुमची एक पिशवी, खाली जाऊन वाटायचं. तिथे उभं राहून शेजाऱ्याशी चार गोष्टी होतात, आणि कुणाच्या पिशवीत काय आहे ते सगळ्यांना दिसतं, ही लाज फार कामाची.


कोकणकडा
सोमवार, सकाळी ९:३०

सोळा ऐकून दचकणाऱ्यांनी वेंगुर्ल्याला जाऊन या. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना डंपिंग ग्राउंडचं अक्षरशः बघण्याचं ठिकाण केलं, लोक सहली काढून जायचे, आम्ही पण गेलो, शाळेतली मुलं तिथे डबे खाताना बघितली. घरोघरी चार भागांत घ्यायचे आणि वेगळं केलं नसेल तर उचलायचेच नाहीत. एवढंच गुपित. तुमचं केंद्र "परत घेऊन जा" म्हणायला लाजतं तोपर्यंत हे असंच चालणार.


उरुळीकर
सोमवार, सकाळी १०:११

तुमच्या चर्चा छान. आमच्या फुरसुंगी-उरुळीला पुण्याचा न वेगळा केलेला कचरा वर्षानुवर्षं आला, विहिरींचं पाणी बघितलंय मी, माश्यांनी जेवता यायचं नाही. गावाने गाड्या अडवल्या तेव्हा शहराला कळलं की कचरा जातो कुठे. त्या गाडीवाल्या काकांना एकदा इकडे पाठवा.


मुक्ता_स
सोमवार, दुपारी १२:४५

मी एक वेगळाच प्रश्न विचारणार आहे, राग मानू नका शेवंतीताई.

तुमच्याकडे रोज दारात कचरा घ्यायला येणाऱ्या ताई आहेत ना? तुम्ही बाटल्या, पुठ्ठे, पेपर केंद्रावर गोळा करून विकता, त्यातून हातमोजे घेता, हे वाचून मी थांबले. कॉलेजात असताना मी काही महिने कचरावेचक बायकांबरोबर फिरले होते म्हणून माहीत आहे. पुण्यात त्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ची. बाबा आढावांसारखी माणसं त्यांच्या पाठीशी उभी राहिली. पुढे त्यातूनच त्यांची स्वतःची "स्वच्छ" ही सहकारी संस्था झाली, २००८पासून महापालिकेशी करार करून घरोघरी जाते. त्यांची कमाई दोन ठिकाणची, घरटी महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातलं विकाऊ भंगार. त्यातलं दुसरं तुम्ही रविवारी टेबलावर घेताय. मग सोमवारी त्यांच्या वाट्याला काय राहतं? चिप्सची पाकिटं, डायपर आणि तुमचा फुटका आरसा.

२०१६च्या घनकचरा नियमांतसुद्धा कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं लिहिलं होतं, त्यांना बाजूला सारून केंद्रं काढा असं नाही.


माझीरद्दी_माझाहक्क
सोमवार, दुपारी १:२०

असहमत. माझ्या घरची रद्दी माझी. आजोबांपासून आम्ही रद्दीवाल्याला विकतो, त्यात काय चोरी झाली? केंद्रावर दिली तर निदान चांगल्या कामाला लागते. प्रत्येक गोष्टीत गरीब-श्रीमंत आणू नका. उद्या म्हणाल कोथिंबीर स्वतः निवडू नका, भाजीवालीचा रोजगार जातो.


मुक्ता_स
सोमवार, दुपारी १:४१

रद्दी रद्दीवाल्याला विकणं वेगळं हो, ते आधीपासून आहे, ताईंनी ते कधी मागितलंही नव्हतं. मी बोलतेय ते जे कालपर्यंत त्यांच्या बादलीत पडायचं आणि आज तुमच्या पोत्यात पडतं त्याबद्दल. कोथिंबिरीचं उदाहरण भारी होतं पण.


टिंगलटवाळ
सोमवार, दुपारी १:५०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. रिकामी पिशवी चुरगाळून बघितली, उमलली. एमएलपी.


मेट्रन_निवृत्त
सोमवार, दुपारी ४:०५

वादात पडत नाही, फक्त एक कळकळीने. मी चाळीस वर्षं दवाखान्यात काढली. घरोघरी आता इन्सुलिन घेतात आणि त्या सुया बिनदिक्कत सुक्या कचऱ्यात. टेबलावर पोतं उपडं करून हाताने चाळायचं नाही, कधीच नाही. पसरायचं, मग चिमट्याने उचलायचं. पातळ रबरी मोज्यातून सुई सहज आरपार जाते, बागकामाचे जाड मोजे घ्या. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत (फिनेलची चालते) साठवायच्या, बूच चिकटपट्टीने बंद, वर मोठ्या अक्षरात "सुया", आणि आपल्या डॉक्टरांना किंवा लॅबला विचारून तिकडे द्यायच्या. टोचलीच तर पिळत बसू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, उद्या नाही.

सॅनिटरी नॅपकिन, डायपर पेपरात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा. पुण्यात ही लाल ठिपक्याची पद्धत कचरावेचक बायकांच्या मागणीतूनच रुजली, कारण उघडायच्या आधी त्यांना कळायला हवं आत काय आहे. एक ठिपका काढायला काही लागत नाही. लिपस्टिकने काढला तरी चालतो, माझी सून काढते.


शेवंती_कर्वेनगर
बुधवार, रात्री ९:३५

दोन दिवस गप्प होते. मुक्ता, राग नाही आला म्हणणार नाही, सोमवारी आला होता. मग मंगळवारी सकाळी ताई आल्या तेव्हा जिन्यात थांबवून विचारलंच.

त्यांनी आधी विषय टाळला. "तुमी चांगलंच काम करताय की ताई." मी म्हटलं खरं सांगा. मग हातातली बादली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "घरटी पैशात किराणा भागतो. भंगारावर पोरीची फी. आधी तुमच्या बिल्डिंगीतनं फुगा, बिसलेरी, पुठ्ठा मिळून एक पोतं निघायचं. आता दुसऱ्या-चौथ्या सोमवारी पोतं रिकामंच असतंय." (फुगा म्हणजे शाम्पू-फिनेलच्या मऊ बाटल्या, आणि बिसलेरी म्हणजे कुठल्याही कंपनीची पाण्याची बाटली, मोल्डरदादांचा २ आणि १. त्यांना आकडे माहीत नाहीत पण बोटाने दाबून, आवाजावरून त्या माझ्यापेक्षा दहापट वेगात ओळखतात, मी जिन्यात उभी राहून बघितलं.)

मी विचारलं इतके दिवस बोलला का नाहीत. म्हणाल्या, "तुमी रविवारी उन्हात उभ्या राहता, काय बोलायचं."

मला जिन्यात बसावंसं वाटलं. आमचे हातमोजे कुणाच्या पैशाचे होते ते असं कळलं.

मग पुढे त्याच म्हणाल्या: "ते चकाकतं कागद, ती मोडकी खेळणी, थर्माकोल, वायरी, सेल, ते तुमी घ्या. त्याला आमचा गोडाऊनवाला हात लावीत न्हाय. आमी उचलतो आन फेकतो, वजन आमच्या खांद्याला." म्हणजे ज्याला बाजार नाही ते आम्ही घ्यायचं आणि ज्याला बाजार आहे ते त्यांना. इतकं सरळ होतं, आणि आम्ही दोन वर्षं उलटं करत होतो, विकणारं पोत्यात आणि न विकणारं त्यांच्या बादलीत.

काल रात्री सहाजणांची मीटिंग झाली. दोघं नाराज, कारण मग टेम्पोचं भाडं कुठून काढायचं. तो प्रश्न खराच आहे. तूर्त घरटी महिना वीस रुपये ठरलेत, बघू किती जण देतात.


भोसरीचा_मोल्डर
बुधवार, रात्री १०:१०

ताईंनी एका वाक्यात धंदा सांगितला. ज्याला भाव आहे ते वाट शोधतंच, त्याला तुमची गरज नाही. नसलेल्याला आहे.

एमएलपी कोरडं साठवा, ओळखीतून बघतो. ते एकतर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातं किंवा त्याचं तेल काढतात, जेजुरीला असा प्रकल्प आहे. याला रिसायकलिंग म्हणायचं का हा वेगळ्या धाग्याचा विषय, मी म्हणत नाही, पण ओढ्यात जाण्यापेक्षा बरं. थर्माकोल मात्र जपून, त्यात जवळजवळ सगळी हवाच, टेम्पो भरतो आणि काटा हलत नाही. मखर तोडून देऊ नका कुणाला, त्याचे मणी उडतात. सोसायटीला सांगा तेच मखर पुन्हा वापरा.

सेल आणि पॉवरबँक वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, टोकांना चिकटपट्टी लावून. मोबाईलच्या फुगलेल्या बॅटऱ्या पोत्यात टाकून वर बाटल्या चेपल्यात तर एक दिवस पार्किंग पेटेल. गंमत नाही करत.


माझीरद्दी_माझाहक्क
बुधवार, रात्री १०:३२

माझं मत तेच आहे, पण वीस रुपये मी देईन. आमच्या सोसायटीत असं केंद्र नाही म्हणून दुसऱ्याच्या केंद्राला देतोय, हे बायकोला सांगू नका.


चिमूटभर_मीठ
गुरुवार, सकाळी ८:१८

शेवंती, टेट्रापॅक विसरू नकोस, ज्यूसचे, ताकाचे. त्यात साधारण तीन चतुर्थांश चांगला जाड कागद असतो, बाकी प्लास्टिक आणि जरासं ॲल्युमिनियम, पण थर एकमेकांना चिकटलेले म्हणून साधा रद्दीवाला घेत नाही. वेगळा काढला तर मात्र त्याचे पत्रे होतात, शाळेचे बाकसुद्धा. कापून उघडायचा, विसळायचा, सपाट. न विसळलेल्या ताकाच्या पॅकचा वास तिसऱ्या दिवशी काय असतो ते मी सांगत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल.

आणि खरेदीची बिलं, एटीएमच्या चिठ्ठ्या रद्दीत नको. नखाने ओरखडा काढून बघ, काळी रेघ उठली तर तो थर्मल कागद, त्याला रसायन लावलेलं असतं.

पत्रिकांचं काय केलंस शेवटी?


शेवंती_कर्वेनगर
गुरुवार, सकाळी ११:०२

पत्रिका अजून तशाच पिशवीत आहेत, घरी आणून देवघराच्या खाली ठेवल्यात, कारण पार्किंगमध्ये ठेवायला माझीच हिंमत झाली नाही. मी नास्तिक आहे असं नवरा समजतो.


पिशवीवाला_नाना
गुरुवार, सकाळी ११:२०

शेवंतीताई, हे खातं माझ्याकडे द्या. आमच्या सौ. गेली तीन वर्षं हेच करतात. गणपती तेवढा गोल कापून घ्यायचा. ते गणपती आहेराच्या पाकिटांवर चिकटवतात, पाकीटही पत्रिकेच्याच जाड कागदाचं. देव परत लग्नाला जातो, कुणाचं पाप नाही. राहिलेली पत्रिका साधी असेल तर रद्दी, सोनेरी मुलामा किंवा प्लास्टिकचा थर असेल तर फाडून बघायचा, पापुद्रा सुटला तर ते रद्दीत नाही. कॅलेंडरवरच्या देवांचंही तेच, फक्त पत्र्याची पट्टी काढून पत्र्यात टाकायची.

एकच अट, पत्रिकेवर लावलेली खरी सुपारी किंवा अक्षता निघाल्या तर त्या ओल्या कचऱ्यात टाकू नका, सौ.ना सांगा, त्या झाडाखाली ठेवतात.


टिंगलटवाळ
गुरुवार, सकाळी ११:२६

नाना, पाकिटं विकायला आहेत का? पुढच्या महिन्यात तीन लग्नं आहेत. आणि गंभीरपणे, मी कर्वेनगरातच राहतो. रविवारी किती वाजता यायचं?


शेवंती_कर्वेनगर
गुरुवार, सकाळी ११:३१

साडेआठला. आधी टेबल लावायचं असतं, ते दार दोघांशिवाय उचलत नाही. जाड मोजे आणा, आणि नानांसाठी एक कात्री. डावी चप्पल अजून तिथेच आहे.